स्वतःला वगळून लिहिलेले चरित्र

थोरामोठ्यांची चरित्रे घरात असावीत, ती मुलांच्या हाती पडावीत, अशी आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाची जुनी समजूत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु या समजुतीच्या पोटात थोडी लबाडीही दडलेली असते. चरित्रनायकाला आपण इतक्या उंच कोनाड्यात नेऊन बसवतो की त्याला रोज फूल वाहता यावे, पण त्याचा हात मात्र आपल्या खांद्यावर पडू नये. त्याचा त्याग 'अलौकिक' म्हटला, म्हणजे लौकिकात राहणारे आपण त्यातून सुटलो! गोदावरी परुळेकर यांच्या वाट्याला मृत्यूनंतर जो गौरव आला तो पुष्कळसा याच जातीचा आहे. आणि म्हणूनच त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाचा व त्या आधारे त्यांच्या जीवनाचा पुन्हा एकदा विचार करावा असे आम्हास वाटले.

त्यास निमित्तही घडले. आमच्या चिंचवडातील काही कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून एखादे पुस्तक वाचतात. मागे एका बैठकीत हे पुस्तक निघाले. वाचन संपल्यावर एक सुविद्य भगिनी म्हणाल्या, "बाई खरोखर फार मोठी; पण आता वेठबिगार कुठे राहिली आहे? हे आता इतिहास म्हणूनच वाचायचे." त्यांचे बोलणे पुरे होते न होते तोच स्वयंपाकघरात कपबश्या विसळणाऱ्या बाई दाराशी येऊन यजमानीणबाईंना म्हणाल्या, "वहिनी, उद्या पोरीच्या शाळेत जायचंय. सुट्टी धराल का खाडा?" बैठकीत कोणी हसले नाही, आणि कोणी काही बोललेही नाही. आम्हीही बोललो नाही. घरी परतताना मात्र वाटू लागले की, त्या संध्याकाळी ग्रंथाचे परीक्षण जर कोणी केले असेल तर ते त्या दाराशी आलेल्या बाईंनी केले.

प्रथम जीवनाची रूपरेषा देऊ. गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव गोखले हे नामांकित वकील. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले हे घराणे. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचे अध्ययन केले आणि पुढे कायद्याची पदवी मिळवली. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवास पत्करला. नंतर नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्या दाखल झाल्या, आणि समाजाचे आजीव सदस्यत्व मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९३७-३८ च्या सुमारास साक्षरताप्रसाराचे कार्य त्यांनी मोठ्या हिरिरीने केले, आणि त्याच सुमारास मुंबईतील घरगड्यांची संघटनाही बांधली. १९३९ साली समाजातीलच कामगार पुढारी शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाला विरोध केल्याबद्दल पुन्हा तुरुंगवास झाला. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या चळवळीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९६५ साली शामराव स्थानबद्धतेत असतानाच निवर्तले. १९८६ साली गोदावरीबाई अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

ही रूपरेषा लिहिताना आमच्याही लेखणीतून 'पहिली' हा शब्द दोनदा निसटला. त्यांच्यावरील गौरवलेखांत तो याहून पुष्कळ अधिक वेळा येतो. महाराष्ट्रातील कायद्याची पहिली स्त्री-पदवीधर असेही बिरुद त्यांना कित्येक लेखक लावतात. वस्तुतः कॉर्नेलिया सोराबजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली होती. पण हे बिरुद काढून घेतल्याने गोदावरीबाईंचे काय उणे होते? काहीच नाही. ज्या अलंकाराच्या असण्याने वा नसण्याने देहाच्या ठेवणीत फरक पडत नाही, तो अलंकार चरित्रलेखकाने जपून वापरावा हे बरे. पहिलेपणा हा कालक्रमाचा गुण आहे, चारित्र्याचा नव्हे. पहिल्या क्रमांकाच्या या मोजदादीत मुख्य प्रश्न हरवतो, तो असा की, पुण्याच्या वकिलाची, गोखले घराण्यातली ही सुशिक्षित मुलगी वारल्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचली कशी, आणि वाटेत तिला काय टाकून द्यावे लागले?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वाचक साहजिकच त्यांच्या ग्रंथाकडे वळतो. 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रंथ हाती घेताना आपल्या मनात स्त्रियांच्या आत्मचरित्रांची एक परंपरा असते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' ही त्या परंपरेची मानाची पाने. प्रत्येकीची प्रकृती निराळी. लक्ष्मीबाईंचा विनोद रमाबाईंच्या ठायी नाही आणि आनंदीबाईंचा रोखठोकपणा दोघींहून वेगळा. तथापि या सर्व ग्रंथांच्या मध्यभागी एक संसार आहे, आणि त्या संसाराच्या मध्यभागी एक मोठा पुरुष आहे. लेखिका त्याच्याशी भांडो, त्याला हसो वा त्याची पूजा करो, तिच्या कथेचा आस तोच. गोदावरीबाईंच्या ग्रंथात हा आस नाही. शामराव आहेत, पण ते कामातले जोडीदार म्हणून. इतकेच नव्हे, तर आत्मकथनाचा हक्काचा दुसरा आस, म्हणजे स्वतः लेखिका, तीही येथे मध्यभागी नाही. मध्यभागी आहे डहाणू-उंबरगावकडचा वारली.

ग्रंथाच्या नावाकडेच थोडे थांबून पाहावे. पुण्याच्या सुधारक परंपरेत 'उद्धार' हा मोठ्या मानाचा शब्द होता. स्त्रियांचा उद्धार, अस्पृश्यांचा उद्धार, शेतकऱ्यांचा उद्धार. उद्धार हा कोणीतरी कोणाचा तरी करावयाचा असतो. त्यात वरचा एक आणि खालचा एक, अशी दोन माणसे गृहीतच असतात. गोदावरीबाई त्याच परंपरेच्या अंगणात वाढल्या. परंतु नाव देताना त्यांनी 'जागा होतो' हे अकर्मक क्रियापद निवडले. माणूस जागा होतो. त्याला कोणी जागे केले हे शीर्षक सांगत नाही. शिवाय जो जागा होतो तो 'वारली' नाही, 'आदिवासी' नाही, कम्युनिस्ट लेखिकेकडून ज्याची अपेक्षा धरावी तो 'वर्ग'ही नाही; तो 'माणूस' आहे. लेखिकेने आपली सारी भूमिका तीन-चार शब्दांत येथे मांडली आहे, आणि ग्रंथभर ती सोडलेली नाही.

आता हा माणूस निजला होता म्हणजे कोणत्या अवस्थेत होता, तेही पाहिले पाहिजे. ज्या जमिनीवर वारल्यांचे पूर्वज राबत आले ती जमीन कर्जाच्या कागदांवर सावकार-जमीनदारांच्या नावे होऊन गेली होती आणि वारली आपल्याच शेतावर कूळ झाला होता. मालकाचा निरोप आला की आपले काम टाकून त्याच्या शेतावर वेठ करावयाची. नकार दिला तर मार खावयाचा. जंगलात ठेकेदाराचे राज्य. या सर्वांत दारुण प्रकार 'लग्नगडी' हा होय. लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये उचलावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे. आणि हिशेब मालकाच्याच हातात असल्याने ते फिटावयाचे कधीच नाहीत. लग्नासारखे मंगल कार्य ज्याला गुलामगिरीचे दार ठरते, त्याच्या दुःखाचे वर्णन करण्यास विशेषणांची आवश्यकता नाही, हे लेखिकेने अचूक ओळखले आहे. असे विषय हाती आले असता आपल्या लेखकांची भाषा एरवी फेसाळते. येथे मात्र वाक्ये साधी आहेत आणि वर्णन कामापुरते आहे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा हा होता. आपल्या लोकांची दुःखे त्याने परिषदेत बोलून दाखवली. म्हणजे गोदावरीबाई व शामराव वारल्यांकडे गेले हे खरे असले, तरी त्याआधी वारली त्यांच्याकडे आला होता, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद झाली आणि हजारो वारली तिला लोटले. तेथे ठरले ते असे: रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करावयाचे नाही; वेठ करावयाची नाही; मालकाने हात टाकल्यास प्रतिकार करावयाचा; आणि सर्वांनी एकजुटीने राहावयाचे.

बारा आणे! आम्हास ग्रंथाचे मर्म या आकड्यात दिसते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे स्वातंत्र्य, समता, मानवता या देवतांना पाचारण केले असते. गोदावरीबाईंना त्या देवता ठाऊक नव्हत्या असे नाही. अर्थशास्त्र आणि कायदा दोन्ही त्या शिकल्या होत्या. परंतु ज्याच्या श्रमाला किंमतच नव्हती त्याने प्रथमच आपल्या श्रमाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगितली, या घटनेपुढे मोठे शब्द फिके पडतात. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. पाचशे रत्तल गवत कापण्याबद्दल अडीच रुपये ही मागणी होती. १९४६ साली जंगलकामासाठी रोज किमान सव्वा रुपया ही मागणी पुढे आली आणि महिन्याहून अधिक काळ चाललेल्या संपानंतर ठेकेदारांना नमावे लागले. अशा दराच्या आकड्यांवर रसिकतेने लिहिता येत नाही असे मानणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. येथे दर हाच कथेचा कळस आहे.

या जागृतीची किंमत रक्ताने द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले. वारली तेथे जमले होते ते एका खोट्या निरोपामुळे. गोदावरीबाईंच्या नावाचा आधार घेऊन तो निरोप पसरवण्यात आला होता. येथे आम्ही ग्रंथाच्या गुणांकडून त्याच्या उणिवेकडे वळतो. आपल्या नावाने पसरलेल्या निरोपावर विश्वास ठेवून माणसे जमली आणि प्राणास मुकली, हे ओझे जिच्या माथी आले तिच्या अंतःकरणाचा ठाव घटनेच्या मानाने ग्रंथात फार थोडा लागतो. दुःख आहे, संताप आहे. परंतु तो चळवळीचा आहे. त्या रात्री ती एक बाई म्हणून कशी राहिली, आपण येथे आलो ते चुकले की काय असा विचार क्षणभर तरी तिच्या मनास शिवला की नाही, हे कळावयास हवे होते.

यावर असे म्हटले जाईल की, ही अपेक्षाच मध्यमवर्गीय आहे. ज्या लेखिकेने स्वतःला मध्यभागातून उठवले तिच्याकडे 'तुझे मन दाखव' असा हट्ट धरणे हे तिला पुन्हा मध्यभागी बसवण्यासारखे आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि लेखिकेच्या आत्मविलोपनात एक थोर शालीनता आहे हेही आम्हास मान्य आहे. परंतु शालीनतेनेही कधीकधी वाचकाचे नुकसान होते. ग्रंथ मराठीत लिहिला आहे, आणि तो वाचणारा बहुतेक वाचक वारल्यांच्या जागी उभा नाही. तो १९३८ सालच्या गोदावरी गोखले जेथे उभ्या होत्या तेथे उभा आहे. शिकलेला, सुस्थित, अंतःकरणाने बरा, सेवाभावाने थोडाफार भारलेला. त्याला वारली कसा जागा झाला हे ग्रंथ सांगतो; पण लेखिका कशी जागी झाली हे पुरतेपणी सांगत नाही. ज्या वाचकाला या दुसऱ्या कथेची अधिक गरज होती, त्याला ती न मिळाल्यामुळे तो टाळ्या वाजवून घरी जाऊ शकतो.

आणखी एक मौन आहे. १९४१ साली रशियावर जर्मनीची स्वारी झाल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाविषयीची आपली भूमिका पालटली आणि १९४२ च्या चले जाव आंदोलनास विरोध केला. ज्या युद्धाला विरोध केल्याबद्दल गोदावरीबाई तुरुंगात गेल्या, त्याच युद्धाला त्यांच्या पक्षाने पुढे लोकयुद्ध म्हटले. महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांनी ही गोष्ट पुढे दीर्घकाळ मनात धरली, आणि वारल्यांच्या चळवळीकडेही ती त्याच पूर्वग्रहाने पाहत राहिली. सत्याग्रहातून राजकारणात आलेल्या स्त्रीने ही उलथापालथ मनोमन कशी सोसली हे तिच्याच तोंडून ऐकण्याचा आपल्याला हक्क होता. ती पक्षनिष्ठेपुढे गप्प राहिली असेल तर तेही चरित्रच होय. तिच्या गौरवकर्त्यांनी हा भाग वगळणे हे मात्र चरित्र नव्हे. शिवाय जमीनदारांच्या चित्रणात छटा फार थोड्या आहेत, हाही एक दोष सांगितला पाहिजे. मात्र ज्या काळाचे आणि ज्या व्यवहाराचे हे चित्र आहे त्यात छटा किती होत्या, हा प्रश्नही प्रामाणिक वाचकाने स्वतःस विचारावा.

असो. ग्रंथाने जे पुरतेपणी सांगितले नाही ते जीवनातून शोधावयाचे, तर आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा दुवा वारल्यांच्या आधीचा आहे; तो म्हणजे मुंबईतील घरगड्यांची संघटना. गौरवलेखांत तिचा उल्लेख एका ओळीत उरकतो, आणि ते समजण्याजोगे आहे. डहाणूचा जमीनदार आपल्यापासून दूर. त्याच्यावर रागावणे सोपे. घरगड्याचा धनी मात्र गौरवलेखाचा लेखक आणि वाचक हाच.

'सेवक' या शब्दाचीच गंमत पाहा. नामदार गोखल्यांच्या संस्थेत तो शब्द अत्यंत गौरवाचा. अल्प वेतनावर आयुष्य देशाला वाहणारा तो सेवक; त्याच्यापुढे माथा लवावा. मुंबईच्या बिऱ्हाडांतून भांडी घासणारा, पाणी भरणारा, मुले सांभाळणारा हाही सेवकच; पण त्याला नावाने हाक मारण्याचीही तसदी कित्येक घरांत घेतली जात नसे. पहिल्याने स्वखुशीने अल्प वेतन घेतले म्हणून तो थोर. दुसऱ्याला अल्प वेतन घेण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून तो हलका. गोदावरीबाई पहिल्या प्रकारच्या सेवकांत गणल्या जात असताना त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या सेवकांची संघटना बांधली. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ त्यांच्या आयुष्यात समोरासमोर आले, आणि आमच्या समजुतीने त्यांच्या जीवनाचे वळण येथेच पडले. साक्षरतेच्या वर्गात शिकवणारी वर आणि शिकणारा खाली असतो. तेथे सेवाभाव टिकतो. संघटनेच्या बैठकीत मात्र 'मला किती मिळावे' हे खालच्याने बोलावयाचे असते, आणि वरच्याने ते ऐकून घ्यावयाचे असते. सेवा देणाऱ्याच्या मर्जीवर असते; हक्क मागणाऱ्याच्या एकजुटीवर असतो. ज्या स्त्रीने हा फरक मुंबईच्या स्वयंपाकघरांत ओळखला, तिला झरीच्या परिषदेत बारा आण्यांचे मोल कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

येथवर आल्यावर आमच्या बैठकीतील त्या भगिनींच्या प्रश्नाकडे परतणे भाग आहे. वेठबिगार आता कुठे राहिली आहे? वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा देशात १९७६ साली झाला. परंतु कायद्याने नाव पुसले म्हणून व्यवहार पुसला जातोच असे नाही. रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडाशी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि हंगामभर भट्टीवर राबून ती फेडतात. ती उचल कित्येकदा लग्नकार्यासाठीच असते, आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती असते हे सांगावयास नको. लग्नगड्याची गोष्ट वाचून ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्यांच्या घराच्या भिंतीतील विटा कोठून आल्या, हे पाहण्याची चाल आपल्यात नाही.

आमचा हा पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा तर श्रमाच्या बाजारावरच उभा राहिला. १९५४ साली पिंपरीस सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना निघाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर माळरानांवर एकामागून एक कारखाने उठले. १९८२ साली महानगरपालिका झाली. फिरंगोजी नरसाळ्याचा किल्ला आणि कांद्याचा बाजार यांसाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. आमच्यासारख्या शेकडो कुटुंबांचे सुस्थितीतले जीवन या कारखान्यांनी घडवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण याच पट्ट्यात दोन शब्द घरोघर बोलले जातात, 'परमनंट' आणि 'कंत्राटी', आणि मुलीच्या लग्नाची बोलणी करतानाही वरपिता यांतला कोणता शब्द उच्चारतो तिकडे कान असतात. कंत्राटी श्रमाचे नियमन करणारा कायदा १९७० साली झाला. म्हणजे गोदावरीबाईंचा ग्रंथ आणि तो कायदा एकाच वर्षीचे. वारल्यांचा वेठबिगार आणि चाकणचा कंत्राटी कामगार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकाला मारहाण होती, दुसऱ्याला पगाराची चिठ्ठी तरी आहे. साम्य आहे ते एका ठिकाणी: उद्या काम असेल की नाही हे ज्याला ठाऊक नसते, त्याच्या तोंडून आपल्या श्रमाचा दर उच्चारला जात नाही. ज्या खेड तालुक्यात चाकण आहे त्याच तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरांत आदिवासींच्या वाड्या आहेत, हेही येथे ध्यानात ठेवावे. डहाणू आपल्यापासून समजतो तितके दूर नाही.

राजकारणी स्त्रीचे मोठेपण आपण बहुधा निवडणुकीने मोजतो. त्या मापानेही डाव्या विचारांच्या स्त्रिया महाराष्ट्रात मागे नाहीत. पुण्यातच जन्मलेल्या अहिल्याबाई रांगणेकर आणि समाजवादी मृणाल गोरे या दोघीही १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. त्यांनी इतर भगिनींसह १९७२ साली महागाईविरुद्ध उभी केलेली चळवळ आमच्या आधीच्या पिढीतील गृहिणींना चांगली आठवत असे, कारण त्यात त्या स्वतः लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. गोदावरीबाईंचे माप निराळे. त्यांची स्मृती पाहावयाची तर सोलापूरजवळ कुंभारीस जावे. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती घरे त्यांच्या स्वाधीन झाली; त्या वसाहतीला गोदूताईंचे नाव आहे. किंवा मार्च २०१८ आठवावा. नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले, आणि परीक्षेस बसलेल्या मुलांना त्रास होऊ नये म्हणून मुंबईत शिरताना ते रात्रीतून चालले. त्या दिवशी आपल्या वर्गाने त्यांना पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. हे उत्तमच झाले. पण ते वनजमिनीचा हक्क मागण्यास आले होते, आणि आपण दिली ती सेवा होती. १९३८ साली गोदावरीबाईंना जे अंतर दिसले, ते असे आजही रस्त्याच्या कडेला उभे असते.

सारांश, 'जेव्हा माणूस जागा होतो' हा मराठी गद्यातील एक बहुमोल ग्रंथ आहे. त्याची भाषा निर्मळ आहे, त्याची दृष्टी माणसावर खिळलेली आहे, आणि स्वतःची आरती न ओवाळणारी आत्मकथा म्हणून तो जवळजवळ एकटा आहे. त्यात लेखिकेच्या मनाची जी पाने कोरी राहिली आहेत ती एखाद्या साक्षेपी चरित्रकाराने भरावीत. त्यांत १९४२ असावे, तलवाड्याची रात्र असावी, आणि मुंबईच्या घरगड्यांवर एक सबंध प्रकरण असावे. तोवर वाचकाने ती पाने आपल्या घरातल्या व्यवहारावरून भरून पाहण्यास हरकत नाही.

तसा थोडासा यत्न आम्हीही केला, आणि त्यात काय घडले ते सांगून हा लेख पुरा करतो. त्या बैठकीनंतर आठ दिवसांनी आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना आम्ही सांगितले की, यापुढे महिन्याचे चार दिवस सुट्टीचे, त्यांचा खाडा धरला जाणार नाही. असे सांगताना आपल्या औदार्याची थोडी ऊब आम्हास वाटत होती हे लपवत नाही. बाईंनी हातातले भांडे खाली ठेवले, क्षणभर विचार केला आणि विचारले, "हे तुमच्याच घरी, का सगळ्यांकडं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.